राजव्वानं बांधलेलं पॅकिंग

सन दोन हजार तेवीस. मला त्र्याहत्तरावं लागलं होतं, आणि सोलापुरात पेट्रोलवरची जुनी अँबेसेडर उघडून परत धडपणे जोडणारा माणूस मी एकटाच उरलो होतो. हे मी फुशारकीनं सांगत नाही. म्हणजे सांगतोय फुशारकीनंच, पण ते खरंही आहे. माझ्या बरोबरीचे मिस्त्री एकतर गेले, नाहीतर पोरांच्या नव्या गॅरेजात खुर्ची टाकून बसले. माझं पत्र्याचं शेड साखर पेठेतल्या बोळात होतं तसंच होतं, आणि त्या शेडात येणारी तसली गाडीही आता एकच राहिली होती. डॉक्टरांची.

डॉक्टर लहान मुलांचे, पण स्वतः ऐंशीचे. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, दुधाच्या सायीच्या रंगाची. चाळीस वर्षांत तिला माझ्याशिवाय कुणाचा पान्हा लागलेला नव्हता. त्या साली तिच्या पासिंगची तारीख सोमवारची आली, आणि इंजिनाखाली तेल गळायला लागलं. डॉक्टरांच्या मुलानं पुण्याहून बजावलं होतं की ह्या खेपेला पासिंग झालं नाही तर गाडी भंगारात द्यायची, मग वाद नाही. डॉक्टरांनी त्याला तसा शब्द देऊन टाकला आणि मग माझ्याकडे आले.

"मिस्त्री, आता तुमच्या हातात," एवढंच म्हणाले.

माझ्या हातात! तिथंच तर घोडं पेंड खात होतं. पण मला सांगायचं आहे ते राजव्वाचं. गाडी मधे येते म्हणून आधी सांगून टाकली.

राजव्वा माझ्या शेडच्या समोर राहायची. मधे बोळ. बोळ कसला, एक रिक्षा आली की दुसरीनं तोंडाशी थांबायचं. तिच्या दाराला दोन पायऱ्यांचा ओटा, आणि त्या ओट्यावर सकाळी आठपासून दिवेलागणीपर्यंत राजव्वा. मांडीवर सूप. सुपात ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, एका कडेला तंबाखू, एका कडेला दोऱ्याचं रीळ आणि कात्री. पान मापानं कापायचं, तंबाखू घालायची, वळायचं, टोक नखानं आत दाबायचं, दोऱ्याचे दोन वेढे, की झाली बिडी. एवढं व्हायला तुम्ही आम्ही एक शिंक देतो तेवढा वेळ.

आमचा बोळ सगळा तेलुगू बोलणाऱ्यांचा, मूळची तेलंगणातली विणकर माणसं. राजव्वा त्यातलीच. नवरा यंत्रमागावर होता, तो छातीनं लवकर गेला. पाठीमागं दोन पोरी. त्या तिनं बिड्या वळून शिकवल्या आणि बिड्या वळूनच उजवल्या. बाई अंगानं एवढीशी. पण बोलायला लागली की बोळाच्या तोंडाशी असलेल्या पानवाल्याला ऐकू जायचं. तिचं मराठी सोलापूरचंच होतं, फक्त त्यात बाईचा पुरुष व्हायचा आणि पुरुषाची बाई. माझ्याकडची प्रत्येक गाडी तिच्या लेखी बाप्या होती.

"मिस्त्री, तुझा गाडी आज लई खोकतो."

मी एकदा तिला समजावलं की बाई, गाडी 'तो' नसतो, गाडी 'ती' असते. राजव्वा बिडी वळतच म्हणाली, "तू बघितलास काय?"



पण लक्षात राहायचे ते तिचे हात. लहान, अगदी दहा वर्षांच्या पोरीला शोभावेत असे. मनगट माझ्या दोन बोटांत मावावं. बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी पडलेली आणि गुळगुळीत, घासून घासून चकाकी आलेल्या लाकडासारखी. आणि त्या हातांकडं ती कधीच बघायची नाही. बघायची बोळाकडं. कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणाची सून रुसून चालली, कुणाचं पोरगं शाळा चुकवून फिरतंय, हे सगळं ती डोळ्यांनी टिपायची, आणि हात खाली आपलं आपलं काम करायचे. जणू ते दुसऱ्याच कुणाचे होते आणि तिच्याकडं कामाला ठेवले होते. मी एकदा विचारलंही की न बघता कसं जमतं. तर म्हणे, बघून केलेलं काम अर्धं असतं. मला ते पटलं नाही. मी नंतर पंधरा वर्षं ते पटवून घेतलं नाही.

आमची ओळख भांडणानं झाली. मी शेड नवीन घातलं तेव्हाची गोष्ट. एका जीपचं इंजिन बांधून पहिल्यांदा चालू केलं आणि मागच्या नळीतून काळा धूर निघाला तो थेट राजव्वाच्या सुपात. ती उठली, बोळ ओलांडून आली आणि ते सूप तसंच्या तसं जीपच्या बोनेटवर ठेवलं.

"ह्यातलं काय वळू, मिस्त्री? पान का तुझा धूर?"

 माफी मागायची सवय मला आजही नाही, तेव्हा तर भर जवानी होती. दुसऱ्या दिवसापासून मात्र शेडात गाडी घ्यायची ती उलटी घ्यायला लागलो, तोंड बोळाकडं आणि धुराची नळी मागच्या भिंतीकडं. चार दिवस राजव्वानं हे नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी तिची धाकटी पोर स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आली. मी माफी मागितली नाही आणि तिनं आभार मानले नाहीत. आमचं पुढं चाळीस वर्षं जमलं ते त्यामुळंच, असं माझं मत आहे.

आता गंमत बघा. ही बाई दिवसभर बिड्या वळणार, पण तिच्या समोर कुणी बिडी पेटवलेली तिला खपायची नाही. मी बिडी ओढायचो. एकदा तिच्याच सुपातली एक उचलून मी तोंडात धरली आणि काडी ओढली, तर तिनं ती बिडी माझ्या ओठातून काढून घेतली, दोरा सोडवला, तंबाखू सुपात झाडली आणि पान चुरगळून टाकलं. मी म्हणालो, अगं, मग वळतेस कशाला? ती म्हणाली, "इकायला वळते. तुला मारायला न्हाय." नवऱ्याचं नाव तिनं काढलं नाही, पण मला कळलं. त्यानंतर मी शेडच्या मागं जाऊन ओढायचो. परत आलो की ती नाक वर करून एकदाच हुंगायची आणि मान फिरवायची. सहा महिन्यांनी मी बिडी सोडली. तिच्यामुळं सोडली असं मी तिला कधीच सांगितलं नाही. दम लागतो म्हणून सोडली, असं सांगितलं. तिनंही ते खरं मानल्यासारखं दाखवलं.

तिचा ताठा बघायचा असेल तर चेकरची गोष्ट ऐका. वळलेल्या बिड्या संध्याकाळी कारखान्याच्या शाखेत द्यायच्या असतात. तिथं चेकर बसतो. तो मूठभर उचलून बघतो आणि वाईट वाटल्या त्या बाजूला टाकतो. त्याला 'छाट' म्हणतात. एका साली तिथं नवा चेकर आला. तरणा गडी, मनगटावर भारी घड्याळ. त्यानं राजव्वाच्या बिड्यांतून दोन मुठी छाट काढली. बाकीच्या बायका अशा वेळी हातापाया पडतात. राजव्वा तिथंच मांडी घालून बसली. म्हणाली, तुझी छाट आणि माझ्या चांगल्या बिड्या एकात मिसळ, माझे डोळे बांध, आणि मला परत निवडायला सांग. पोरगा हसला. बायकांनी पदरानं तिचे डोळे बांधले. राजव्वानं तो अख्खा ढीग बोटांनी चाचपला आणि त्यातून तीन बिड्या काढून त्याच्या पुढ्यात ठेवल्या. "ह्या तीन छाट. ह्या आज माझी लेक वळली, ताप होता तिला. बाकीचा तुझा डोळा छाट." त्या चेकरनं पुढं तिच्या बिड्यांना हात लावला नाही. हे मला तिनं नाही सांगितलं. त्या बायकांनी सांगितलं, आणि सांगताना त्या एवढ्या हसत होत्या की मला दोनदा विचारून घ्यावं लागलं.

बिडीचं तिचं एक वाक्य होतं, ते ती कशालाही लावायची. "घट्ट वळला तर वढत न्हाय, सैल वळला तर टिकत न्हाय." सून-सासूचं भांडण असो, पोराला मारणं असो, नाहीतर आमच्या बायकोनं भाकरीला पीठ मळलेलं असो. मला ते ऐकून ऐकून कंटाळा आला होता. माझं तत्त्व उलटं. बोल्ट आवळायचा तो असा आवळायचा की माझ्या मागं दुसऱ्या मिस्त्रीला तो सोडवताना घाम फुटला पाहिजे. सोलापुरात माझी तीच ओळख होती. ह्याच्या हातचं सुटत नाही.

आता गाडीकडं येतो.

तेल गळत होतं ते इंजिनाच्या डाव्या कुशीतून. तिथं पत्र्याची दोन झाकणं असतात, एक पुढं, एक मागं. झाकणाच्या कडेला तेल अडवायला बुचाच्या पट्टीचं पॅकिंग, आणि मधोमध एकच बोल्ट. पुढचं झाकण सरळ हाताला येतं. मागचं येत नाही. त्याच्या पुढ्यात धुराचा जाड ओतीव पाइप आडवा, त्याला मॅनिफोल्ड म्हणतात, आणि पाठीला आतला पत्रा. मधे राहते चार बोटांची फट. रीत अशी की आधी मॅनिफोल्ड उतरवायचं, मग झाकण काढायचं. पण त्या मॅनिफोल्डचे बोल्ट पन्नास वर्षं तापून तापून गंजून एकजीव झालेले. एक जरी तुटून आत राहिला तर इंजिनाचं वरचं अख्खं हेड उतरवावं लागलं असतं, आणि सोमवार हातचा गेला असता. म्हणून मी ठरवलं की मॅनिफोल्ड जागेवर ठेवूनच फटीतून हात घालून नवं पॅकिंग बसवायचं. तसं मी पूर्वी दोनदा केलेलं होतं.

पूर्वी म्हणजे वीस वर्षांपूर्वी. तेव्हा माझी बोटं माझी होती.

गुरुवारी झाकण निघालं. चिमट्यानं, सळईनं, शिव्यांनी, पण निघालं. बसवायला गेलो तर पॅकिंग दर वेळी निसटायचं. माझा हात मनगटाच्या अलीकडंच अडकायचा, सांधे सुजलेले. डिंक लावला, त्यानं धरलं नाही. आत सगळीकडं तेल, डिंक कसा धरणार? शेवटी कसंतरी बसवलं आणि लांब पान्ह्यानं बोल्ट आवळला, माझ्या पद्धतीनं. इंजिन चालू करून खाली पुठ्ठा टाकला. पुठ्ठ्यावर थेंब. शुक्रवारी परत काढलं, दुसरं पॅकिंग घातलं, आणखी आवळलं. आता धार लागली. शनिवारी तिसऱ्यांदा. तेव्हा बुचाचा तुकडाच पिळवटून बाहेर आला.

मला काय वाटत होतं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाडी भंगारात जाणार ह्याचं वाईट होतंच. पण त्याहून मोठं भय हे, की डॉक्टर म्हणतील, "मिस्त्री, तुमचंही आता वय झालं." त्या एका गाडीवर मी मिस्त्री होतो. ती गेली की मी पत्र्याच्या शेडात बसलेला एक म्हातारा. आमची बायको दोनदा म्हणाली की मदतीला कुणाला तरी बोलवा. मी तिसऱ्यांदा तिला बोलू दिलं नाही.

हे तिन्ही दिवस राजव्वा समोरून बघत होती. हात सुपात, डोळे माझ्यावर. एक शब्द बोलली नाही, आणि राजव्वा बोलत नाही म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी मी झाकण हातात धरून नुसता बसलो होतो. राजव्वा उठली. सूप दारात ठेवून त्यावर फडकं घातलं, बोळ ओलांडला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"दे."

मी दिलं नाही. तिनं घेतलं. झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला, सावकाश, सगळीकडून. एका जागी थांबली. "हितं पोट आलंय."

मी बघितलं. मला काही दिसेना. तिनं माझाच अंगठा धरून तिथं ठेवला, तरी मला कळेना. मग चष्मा लावून पट्टी आडवी धरली तेव्हा दिसलं. कड केसभर वाकली होती. मीच आवळून आवळून ती वाकवली होती. तीन दिवस मी त्या झाकणाकडं बघत होतो. मी ते ऐरणीवर ठेवून लाकडी हातोडीनं सरळ केलं. राजव्वानं परत अंगठा फिरवला आणि मान हलवली.

मग म्हणाली, हे बूच जागेवर का राहत न्हाय? मी सांगितलं की तेलात चिकटत नाही, निसटतं. तिला त्याचं हसू आलं. निसटतंय तर बांध की, म्हणाली, मी काय पानाला डिंक लावते काय? तिनं ओट्यावरचं रीळ मागवलं. म्हणजे मीच जाऊन आणलं. झाकणावर पॅकिंग बसवून तिनं बिडीच्या दोऱ्यानं चारी कोपऱ्यांना दोन दोन वेढे दिले आणि टोकं नखानं आत दाबली. दोरा एवढा बारीक की दाबाखाली तो असून नसल्यासारखा. मी झाकण उलटं केलं, हलवलं, झटकलं. पॅकिंग हललं नाही. पन्नास वर्षं मी हे काम करतोय आणि मला दोरा सुचला नाही, हे लिहायला आजही जड जातंय.

आता ते आत घालायचं कुणी? मी माझी बाही वर केली. राजव्वानं माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाली, "सरक."

तिच्या मनगटात चांदीचं कडं होतं, सांध्यावरून न निघणारं. ते तिनं दंडाकडं वर ढकललं आणि दोऱ्यानं बांधून टाकलं. मी लाकडी खोकं दिलं, त्यावर चढून ती मडगार्डवर पालथी झाली. हात त्या फटीत गेला. मनगट गेलं, कोपर आलं, तेही गेलं. मी उलटा वाकून बॅटरी मारायला लागलो, तर म्हणाली, तो उजेड बंद कर, मला त्यानं काही दिसत न्हाय. मग ती नेहमीसारखी मान वळवून बोळाकडं बघायला लागली. समोर कुणाची तरी शेळी तिच्या ओट्यावर चढत होती, तिला तिथूनच तेलुगूतून दोन शिव्या हाणल्या. आणि आत, जिथं मी तीन दिवस झगडलो, तिथं तिची बोटं झाकण बसवत होती.

बोल्ट तिनं बोटांनीच लावला. मग मी आखूड पान्हा दिला. ती फिरवत होती आणि स्वतःशीच पुटपुटत होती, "मेल्लगा, मेल्लगा." म्हणजे हळू. पाच-सहा फेरे झाले आणि ती थांबली.

"अजून आवळ," मी म्हणालो.

"बास."

"राजव्वा, तुला कळत न्हाय. ते इंजिन हाय, हादरतं. अजून एक फेरा दे."

"बूच बसलाय, बोटाला कळतंय." तिनं पान्हा काढून माझ्या हातात दिला. "तू तीन दिवस घट्ट वळलास. वढला काय?"

माझं डोकं तापलं होतं. मनात होतं की ती उतरली की मी फटीतून कसातरी पान्हा घालून अर्धा फेरा देईन. पण हात जातच नव्हता, त्यामुळं माझा हट्ट आपोआप हरला. इंजिन चालू केलं. खाली कोरा पुठ्ठा टाकला. आम्ही दोघं खोक्यावर बसलो. एक चहा झाला, दुसरा झाला. इंजिन चांगलं तापलं, मी वर-खाली वेग देऊन बघितलं. पुठ्ठा ओढून काढला. तो जसा टाकला होता तसाच होता.

राजव्वानं त्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिचं लक्ष स्वतःच्या हाताकडं होतं, आणि तिला तिच्या हाताकडं बघताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कोपरापर्यंत काळं तेल. मी रॉकेलचा डबा पुढं केला, तर मागं सरली. रॉकेलचा वास पानाला लागला की बिडी गेली, म्हणाली. ती घरात जाऊन चिंच आणि राखेनं हात घासत बसली. घासत होती, हुंगत होती, परत घासत होती. त्या दिवशी तिनं एकही बिडी वळली नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नाही. मी ते ओट्यावरच्या रिकाम्या सुपावरून ओळखलं. तिनं बोलून दाखवलं नाही.

सोमवारी गाडी पास झाली. मंगळवारी डॉक्टर स्वतः पेढे घेऊन बोळात आले. गाडीला अजून पाच वर्षं मिळाली होती, त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मुलाला कालच फोन करून सांगितलं, म्हणाले. मग बोळातल्या चार माणसांच्या देखत माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मिस्त्री, सोलापुरात असा हात दुसरा नाही."

मी तोंड उघडलं होतं, देवाशपथ. डॉक्टरांनी त्यात पेढा घातला.

पेढा गिळल्यावरही बोलता आलं असतं. मी बोललो नाही. समोर राजव्वा बिड्या वळत होती, नजर आमच्याकडंच. डॉक्टर गेल्यावर मी चार पेढे घेऊन तिच्या ओट्यावर गेलो. तिनं सगळं ऐकलं होतं, तरी विचारलं, "काय म्हणाला डॉक्टर?"

"गाडी पास झाली म्हणाले."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पेढा मोडून अर्धा मला दिला.

तिनं टोमणा मारला असता तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो. पण ती होती तशीच राहिली. सकाळी चहा, दुपारी 'तुझा गाडी लई खोकतो', संध्याकाळी बोळाच्या बातम्या. मीच तिच्याकडं बघायचं टाळायला लागलो. दर महिन्याला डॉक्टरांची गाडी यायची आणि दर महिन्याला मी ठरवायचो की आज सांगू. मग वाटायचं, सांगितलं की ते पहिलं काय विचारतील? तुमचा हात का नाही गेला, हेच. आणि मी तोंडात पाणी धरल्यासारखा गप्प राहायचो.

पुढच्या उन्हाळ्यात राजव्वाच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, नजर आली, पण पोरींना तिचं एकटं राहणं नको होतं. धाकटी हैदराबादला असते. तिचा नवरा न्यायला आला. राजव्वानं सूप शेजारणीला दिलं, कात्री स्वतःजवळ ठेवली. बोळातल्या बायका रडत होत्या आणि ती त्यांना रागवत होती की मी मेलेय काय.

डॉक्टरांची गाडी त्या दिवशी माझ्याकडं तेल बदलायला आली होती. गिऱ्हाइकाची गाडी मी आयुष्यात कधी स्वतःच्या कामाला वापरली नाही, हा माझा नेम. त्या दुपारी मी मागचं दार उघडून जावयाला सामानासकट आत बसवलं, आणि पुढचं दार राजव्वासाठी उघडलं.  आत बसली तर पाय खाली टेकेनात. स्टेशनपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत होती. दोन्ही हात मांडीवर मोकळे होते, आणि एवढ्या वर्षांत त्या हातांना काही काम नाही असं मी तेव्हाच बघितलं.

स्टेशनाच्या दाराशी गाडी लावली. जावई सामान उतरवून पुढं झाला. राजव्वा उतरली, आणि पुढच्या चाकामागं उकिडवी बसली. मला वाटलं चप्पल सटकली. तिनं हात इंजिनाखाली घातला, चाचपला, बाहेर काढला. उठली आणि माझ्यासमोर चार बोटं धरली.

"कोरडा हाय," ती म्हणाली.

मग सवयीनं ती बोटं पदराला पुसायला गेली, पुसण्यासारखं काही नव्हतं म्हणून मधेच थांबली, आणि हसली. गर्दीत शिरताना तिची पाठ तेवढी दिसली, ताठ, बोचकं काखेत. तिनं वळून बघितलं नाही. ती समोर काय चाललंय तेच बघत गेली असणार. त्या गर्दीतल्या प्रत्येकाची बातमी तिनं हैदराबादपर्यंत काढली असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी गाडी घेऊन डॉक्टरांच्या दारात गेलो. ते ओसरीवर पेपर वाचत होते. म्हणालो, चष्मा घेऊन खाली या. आधी सांगितलं की तुमची गाडी काल न विचारता स्टेशनला नेली होती. मग बोनेट उघडलं, बाही वर केली आणि त्यांच्या देखत हात त्या फटीत घातला. जिथं तो अडकतो तिथं त्याला अडकू दिला, आणि तसाच ठेवला.

"डॉक्टर, माझा हात हितनं पुढं जात न्हाय," मी म्हणालो. "ते काम राजव्वानं केलंय. आमच्या समोरची. बिड्या वळायची."